आजार आटोक्यात आहे, मग मूल अभ्यासात मागे का पडते?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. चारही विदर्भातील खेड्यांतून आलेली आहेत आणि चारही पत्रांमागची काळजी एकच आहे. मुलाच्या मोठ्या आजारावर उपचार चालू आहेत किंवा होऊन गेले आहेत, परंतु त्याचे लक्ष, स्मरण किंवा कामाचा वेग यांत काही बिघडले असावे अशी शंका घरच्यांना किंवा शिक्षकांना येते. मग कोणीतरी न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी करून घ्या असे सांगते, आणि ती म्हणजे नेमके काय हे कोणीच नीट समजावून सांगत नाही. पत्रे थोडक्यात दिली असून नावे व गावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा असून पाचवीत शिकतो. तो दोन वर्षांचा असताना सिकलसेलचा एसएस पॅटर्न, म्हणजे नुसता वाहक नव्हे तर प्रत्यक्ष आजार, असल्याचे कळले. हायड्रॉक्सीयुरिया आणि फोलिक ॲसिड नियमित चालू आहे आणि गेल्या वर्षभरात त्याला भरती करावे लागले नाही. तिसरीपर्यंत तो वर्गात पुढे होता. आता फळ्यावरचे उतरवून घेईपर्यंत तास संपतो, पाढे पाठ असूनही गणित अर्ध्यावर सोडतो आणि दोन कामे सांगितली तर एकच लक्षात ठेवतो. शाळेत आळशी म्हणतात, सासूबाई म्हणतात की मी लाडावून ठेवला. नागपूरच्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय आणि न्यूरोसायकॉलॉजी तपासणी सांगितली आहे. त्याला कधी झटका आला नाही, लकवा झाला नाही, मग डोक्याची तपासणी कशासाठी? आणि त्यानंतर मुलावर मंद असा शिक्का बसला तर?
— एक आई, गडचिरोली जिल्हा

उत्तर : ताई, झटका आला नाही आणि हातपाय लुळे पडले नाहीत म्हणजे मेंदूला धक्का लागलेला नाही, असे सिकलसेलमध्ये गृहीत धरता येत नाही, डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली ती याच कारणासाठी. विळ्याच्या आकाराच्या ताठर लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याशिवाय काही मुलांत मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्याही आतून हळूहळू अरुंद होत जातात. हिमोग्लोबिन सदैव कमी असल्यामुळे मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळावा म्हणून तिथला रक्तप्रवाह आधीच वाढलेला असतो आणि अडचणीच्या वेळी तो आणखी वाढायला फारसा वाव उरत नाही. अशा वेळी जोराचा ताप आला, छातीचा क्रायसिस (फुप्फुसांत पेशी अडकून एकाएकी उठणारे दुखणे व धाप) झाला किंवा हिमोग्लोबिन एकाएकी उतरले, तर मेंदूच्या आतील पांढऱ्या भागात, विशेषतः कपाळामागच्या बाजूला, लहान लहान जागा रक्ताअभावी कायमच्या निकामी होऊ शकतात. त्या इतक्या लहान आणि अशा ठिकाणी असतात की चालण्या-बोलण्यात काही फरक दिसत नाही. त्या फक्त एमआरआयमध्ये दिसतात. अमेरिकेत झालेल्या दीर्घ पाहणीत एसएस पॅटर्नच्या मुलांपैकी एकतृतीयांशाहून अधिक मुलांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत अशी मूक इजा झालेली आढळली. आपल्याकडच्या रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बहुधा जास्त प्रमाणात टिकून असते आणि ते पेशींना विळ्यासारखे होण्यापासून काहीसे वाचवते, म्हणून तो आकडा आपल्या मुलांना जसाच्या तसा लावू नये. पण धोका नाही असेही समजू नये.

मेंदूचा हा पुढचा भाग लक्ष टिकवणे, दोन-तीन गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवणे, हातातले काम क्रमाने शेवटाला नेणे आणि ते वेळेत उरकणे यांसाठी लागतो. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी याच प्रकारच्या आहेत. पाढे येतात, म्हणजे पाठांतर शाबूत आहे. गणित अर्ध्यावर सुटते, म्हणजे पाढे वापरून पुढच्या पायऱ्या मनात धरून ठेवणे जड जाते. मात्र एवढ्यावरून निदान होत नाही. हिमोग्लोबिन कमी असल्याचा थकवा, रात्री टॉन्सिलमुळे घोरणे व झोपमोड, अंग दुखत असूनही न सांगण्याची सवय, आधीच्या वर्षांत बुडालेली शाळा, नजर किंवा ऐकणे कमी असणे, मनाची उदासी, यांतील कोणतेही एक किंवा अनेक कारणे असेच चित्र उभे करू शकतात. धानाच्या बांधीतले पाणी उतरते आहे हे लांबूनही दिसते, पण ते कोठून झिरपते हे धुऱ्यावरून चालत पाहिल्याशिवाय कळत नाही. ही तपासणी म्हणजे तसे चालत जाऊन पाहणे आहे.

प्रत्यक्ष न्यूरोसायकॉलॉजी तपासणीत सुई नाही, यंत्र नाही, औषध नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुलासोबत टेबलाशी बसून त्याच्याकडून कामे करवून घेतात. रंगीत ठोकळे जुळवून नमुना तयार करणे, ऐकवलेले आकडे त्याच क्रमाने आणि मग उलट क्रमाने सांगणे, शब्दांची यादी पुन्हा पुन्हा ऐकून किती शब्द लक्षात राहतात आणि अर्ध्या तासाने किती उरतात हे पाहणे, गुंतागुंतीची आकृती बघून काढणे आणि काही वेळाने ती न पाहता काढणे, खुणा व आकडे यांच्या जोड्या ठरलेल्या वेळात लिहिणे, अशी ती कामे असतात. बुद्धिमापनासाठी आपल्याकडे बरीच वर्षे वापरली जाणारी मॅलिन यांची चाचणी वेश्लर यांच्या चाचणीवरून डॉ. आर्थर मॅलिन यांनी 1960 च्या दशकात नागपुरातच बसवली; ती साधारण 6 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी असून मराठीतही घेतली जाते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने मुलांच्या मेंदूच्या वेगवेगळ्या कार्यांसाठी बसवलेला चाचणीसंचही आपल्या देशात उपलब्ध आहे. या सगळ्याला मिळून काही तास लागतात आणि आजारी मुलाच्या बाबतीत ते दोन दिवसांत विभागून घ्यावेत, असा आग्रह तुम्ही स्वतः धरा.

हा आग्रह मी मुद्दाम सांगते. पहाटेची एसटी पकडून, उपाशीपोटी नागपुरात उतरून, ओपीडीच्या रांगेत दुपार करून मूल टेबलाशी बसले, तर मोजला जातो तो त्याचा थकवा, आणि अहवालात मात्र तो मेंदूचा दोष म्हणून उतरतो. शक्य असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा. सिकलसेलच्या रुग्णांना एसटी प्रवासात सवलत आहे, तिच्यासाठी लागणारा दाखला आगारात विचारून आधीच काढून ठेवा. ताप, दुखणे किंवा क्रायसिस नुकताच होऊन गेला असेल तर तारीख पुढे ढकला. पाण्याची बाटली आणि थंड खोलीसाठी अंगावर घ्यायला काही ठेवा, कारण पाणी कमी पडणे आणि गारठा हे दोन्ही या आजारात दुखणे ओढवून आणतात. सोबत सर्व भरतीचे डिस्चार्ज कार्ड, हिमोग्लोबिनचे जुने अहवाल, तिसरी ते पाचवीची प्रगतिपत्रके आणि त्या प्रत्येक वर्षाची एकेक वही न्या. तिसरीची वही आणि पाचवीची वही शेजारी ठेवली की पुष्कळ गोष्टी बोलून सांगाव्या लागत नाहीत.

शिक्क्याबद्दलची तुमची भीती मी समजू शकते, परंतु बिनतपासणीचा शिक्का तर तुमच्या मुलावर आजच बसला आहे. आळशी हा शिक्काच आहे. चांगल्या अहवालात फक्त एक आकडा नसतो. समजून घेणे, शब्दसंपत्ती, डोळ्यांनी पाहून जुळवणे, स्मरण, लक्ष, वेग यांतील प्रत्येक बाजू वेगळी मांडलेली असते आणि त्याखाली शाळेत व घरी काय करावे हे लिहिलेले असते. समज वयाप्रमाणे असून केवळ वेग कमी निघाला, तर दोन्हींची सरासरी काढून मुलाला कमी बुद्धीचे ठरवणे चुकीचे आहे. एकच आकडा लिहिलेला कागद हाती दिला गेला, तर बाजूवार निष्कर्ष आणि शिफारशी लेखी मागाव्यात, तो तुमचा हक्क आहे. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, हेही विचारावे. त्यात संकोच नको. शाळेला सारा अहवाल देण्याची गरज नसते, शिफारशींचे पान पुरेसे होते.

तपासणीचा उपयोग उपचारालाही होतो. बारीक इजा दिसली किंवा वेग व लक्ष यांत घसरण निघाली, तर डॉक्टर औषधाच्या मात्रेचा, नियमित रक्त देण्याचा विचार नव्याने करू शकतात. याच्या जोडीला ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर ही कानाजवळून करायची सोनोग्राफी झाली आहे का, हे जरूर विचारा. 2 ते 16 वर्षांच्या एसएस मुलांसाठी ती वर्षातून एकदा करावी अशी शिफारस आहे. मेंदूच्या धमनीतला वेग सेकंदाला 200 सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक निघाला तर पक्षाघाताचा धोका मोठा असतो, आणि अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास तो धोका फार मोठ्या प्रमाणात टळतो, हे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही तपासणीची वाट पाहणाऱ्या नाहीत. चेहरा किंवा अंगाची एक बाजू अचानक ढिली पडली, जीभ अडखळली, न थांबणारी डोकेदुखी किंवा झटका आला, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठायचे. आणि शाळेत त्याला हवे तेव्हा पाणी पिऊ द्यावे व लघवीला जाऊ द्यावे, हे मुख्याध्यापकांना लेखी द्या. या आजारात मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे या मुलांना वारंवार जावे लागते आणि वर्गात त्याचाही खोडसाळपणा म्हणून उल्लेख होतो.

प्रश्न : आम्ही मेळघाटातले कोरकू आहोत. हे पत्र गुरुजींकडून लिहून घेतले आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून आश्रमशाळेत तिसरीत आहे. पाचव्या वर्षी त्याला मेंदूज्वर झाला, तेव्हापासून झटके येतात आणि फिनोबार्बिटोनच्या गोळ्या चालू आहेत. एका रुग्णालयात अर्ध्या तासात त्याची परीक्षा घेतली आणि आयक्यू 58 आहे, बौद्धिक अक्षमता आहे, असे लिहून दिले. प्रश्न मराठीत विचारले, तो गप्प बसला. घरी मात्र तो शेळ्या चारतो, एखादी कमी असली की लगेच सांगतो, आठवडी बाजारातून मीठ-तेल आणून उरलेले पैसे बरोबर देतो. आम्ही कागदावर विश्वास ठेवावा की मुलावर?
— एक वडील, अमरावती जिल्हा

उत्तर : भाऊ, मुलाबद्दल तुम्ही पाहिलेले हाही पुरावाच आहे आणि तपासणीत तो मोजला जायला हवा होता. बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ बुद्ध्यंकावर करायचे नसते. रोजच्या जगण्यातली वयाला साजेशी कामे मूल किती स्वतंत्रपणे करते, हे आईवडिलांना सविस्तर विचारून वेगळे मोजावे लागते आणि दोन्ही बाजूंनी मूल वयाच्या बरेच मागे असेल तरच ते निदान टिकते. नऊ वर्षांचे मूल कळपातली उणी शेळी ओळखते आणि बाजारात हिशेब चुकवत नाही, हे 58 या आकड्याशी सहज जुळणारे नाही. दोन्हींत एवढी तफावत असताना आकडा कायम धरून माणूस बाजूला सारणे मला मान्य नाही.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा असून मराठीचा आणि तिचा मूळ सांगाडाच वेगळा आहे. घरात कोरकू आणि शाळेत मराठी ऐकणाऱ्या मुलाची मराठी शब्दसंपत्ती तिसरीत कमी असणारच. मराठीतून विचारलेल्या शब्दार्थांच्या प्रश्नांना ते गप्प बसले, तर त्यातून त्याची मराठी कळते, बुद्धी कळत नाही. हीच अडचण गडचिरोलीत माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या मुलांची होते. यावर उपाय म्हणून बोलण्यावर न बेतलेल्या चाचण्या आधी घ्याव्यात. लाकडी आकार खाचांत बसवण्याचा सेगाँचा फलक, रेव्हन यांच्या रंगीत आकृत्या, भाटिया यांच्या कृतिचाचण्या या तशा आहेत. त्यांतील भाटियांचा संच मोठ्या मुलांसाठी आहे, तो आत्ता तुमच्या मुलाला लागू नाही. सूचना कोरकूतून समजावून सांगणारी व्यक्ती सोबत असावी, मात्र ती घरची नसावी, कारण घरच्या माणसाकडून नकळत उत्तराचा इशारा जातो. आश्रमशाळेतील कोरकू जाणणाऱ्या शिक्षकांना किंवा गावच्या आशाताईंना विचारून पाहा. एवढे करूनही आकृत्यांच्या चाचण्या पूर्णपणे निष्पक्ष होत नाहीत. पेन्सिल, कागद आणि अनोळखी माणसासमोर वेळ लावून काम करणे यांची सवय ज्याला शाळेतच लागली त्याला त्या थोड्या कठीण जातात. म्हणून अहवालात चाचणी कोणत्या भाषेत झाली, दुभाषी होता की नव्हता आणि निष्कर्ष किती भरवशाचा आहे, हे स्पष्ट लिहिलेले असावे.

भाषेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे झटके आणि गोळ्या. मेंदूज्वरानंतर स्मरण व लक्ष यांना खरोखर इजा झालेली असू शकते, आणि ती नाही असे मी म्हणत नाही. तिच्याशिवाय, झटका येऊन गेल्यानंतर कित्येक तास, कधी दिवसभर, मूल सुस्त राहते. त्या काळातली परीक्षा निरुपयोगी ठरते. काही झटके तर दिसतही नाहीत. मूल काही क्षण एकटक पाहत राहते, हाक ऐकत नाही आणि पुन्हा पूर्ववत होते; वर्गात याला लक्ष नसणे म्हणतात, पण ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, काढल्यावर वेगळेच निघते. फिनोबार्बिटोन हे स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे औषध असले, तरी त्याने काही मुलांत सुस्ती, चिडचिड आणि लक्ष विचलित होणे वाढते. त्याची मात्रा किंवा औषध बदलावे का, हे मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. अचानक थांबवल्यास न थांबणारे झटके सुरू होऊ शकतात आणि ते जिवावर बेतते.

आता क्रम असा ठेवा. आधी शेवटचा झटका केव्हा आला याची नोंद तारखेसह ठेवायला सुरुवात करा, मग ईईजी व औषधांचा आढावा घ्या, कान व डोळे तपासून घ्या, आणि झटके काही काळ थांबलेले असताना सविस्तर तपासणी मागा. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा एम्स, सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, यांपैकी जिथे बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकमेकांशी बोलून काम करतात तिथे जाणे बरे. त्याच चाचण्या लगेच पुन्हा घेतल्या तर सरावाने गुण वाढतात, म्हणून आधीच्या परीक्षेचा कागद जरूर दाखवा. मेळघाटातून एवढे अंतर कापून जावे लागणे हे योग्य नाही. अशी तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी, मुलाची भाषा लक्षात घेऊन व्हायला हवी, आणि ती होत नाही याचा दोष मुलाच्या माथी जाता कामा नये. तोवर कोणी त्या कागदावर त्याला वर्गात मागे बसवत असेल, तर निदान निश्चित झालेले नाही, हे गुरुजींमार्फत लेखी कळवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आठवीतील एका मुलीला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला होता. उपचार पूर्ण होऊन चार-पाच वर्षे झाली, ती बरी आहे. पण गेल्या दोन वर्षांत तिचे लिहिणे फार मंद झाले आहे, धडा वाचला तरी थोड्या वेळाने आठवत नाही. घरचे म्हणतात, जगली हेच पुष्कळ, तिला काही विचारू नका. आजार संपल्यावर हा त्रास होऊ शकतो का? तपासणीसाठी मी काय माहिती द्यावी?
— एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सर, होऊ शकतो, आणि आजार संपल्यावर काही वर्षांनीच तो ठळक होतो. ल्युकेमियाच्या, म्हणजे या रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी मेंदूत दडून राहू नयेत म्हणून मणक्यातून मेथोट्रेक्सेट हे औषध देतात, पूर्वी अनेक मुलांच्या डोक्याला किरणोपचारही देत असत. या उपचारांनी जीव वाचतो, पण वाढत्या मेंदूतील पांढऱ्या भागाच्या जडणघडणीवर त्यांचा परिणाम होऊ शकतो. उपचाराच्या वेळी वय जितके लहान तितका धोका अधिक, आणि मुलींना तो मुलांपेक्षा जास्त आढळतो. आधी शिकलेले जात नाही. नवे शिकण्याचा वेग मंदावतो. म्हणूनच चौथीपर्यंत काही लक्षात येत नाही आणि सहावी-सातवीत, जेव्हा धडे लांबतात आणि विषय वाढतात, तेव्हा मूल मागे पडू लागते. लिहिण्याच्या मंदपणाचे आणखी एक कारण असू शकते. कर्करोगावरच्या व्हिन्क्रिस्टिन या औषधाने हातापायांच्या नसा कमकुवत होऊ शकतात. बोटांची पकड सैल आहे का, पेन वारंवार सुटते का, हे पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

घरच्यांची भावना मायेची आहे, पण तिच्यापासून काहीच अपेक्षा न ठेवणे म्हणजे तिला शिक्षणातून हळूहळू बाहेर काढणे होय. आईवडिलांना विश्वासात घ्या; तपासणी आजार परत आल्याच्या संशयाने नाही, हे त्यांना पहिल्या वाक्यातच सांगा, कारण रुग्णालय हा शब्द ऐकताच त्यांच्या मनात जुने सर्व उभे राहणार आहे.

तपासणीसाठी तुमचे टिपण फार मोलाचे ठरेल. अभ्यासात कच्ची, लक्ष नाही, अशी विशेषणे लिहू नयेत. दहा ओळींचा उतारा लिहायला तिला किती वेळ लागतो आणि वर्गातील इतरांना किती, तोंडी विचारल्यावर येणारे उत्तर लेखी परीक्षेत येते का, पहिल्या तासाला आणि शेवटच्या तासाला काही फरक जाणवतो का, मैत्रिणींत मिसळते का, असे डोळ्यांनी पाहिलेले लिहा. एक पान पुरे.

निकाल येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी तिला लिहिलेला मजकूर हाती द्या. गणिते दहाऐवजी पाच द्या, पण ती पूर्ण करवून घ्या. उत्तर तोंडी ऐका. लांब सूचना तोडून एकेक सांगा. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना तिची माहिती द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून त्याच्या सतराव्या कलमात परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद आहे. मात्र दहावीला या सवलती मिळण्यासाठी मान्य प्रकारात बसणारे प्रमाणपत्र लागते आणि अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे, तुमच्या बाबतीत अमरावतीला, जातो. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करण्यापेक्षा तपासणी आत्ता आठवीत आणि प्रमाणपत्राचा अर्ज नववीत, असा हिशेब ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली, वजन बाराशे ग्रॅम होते, महिनाभर काचेच्या पेटीत होती. आता ती तीन वर्षांची आहे, चालते, पण दोन-तीनच शब्द बोलते. तिची न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी आत्ताच करावी का? खर्च झेपणार नाही.
— एक आई, भंडारा जिल्हा

उत्तर : ताई, या वयात ती सविस्तर तपासणी होत नाही, ती साधारण सहाव्या वर्षी, पहिलीत जाण्याच्या सुमारास करावी आणि पुन्हा तिसरी-चौथीत, अभ्यास वाढल्यावर करावी. आत्ता हवी ती विकासाची तपासणी, म्हणजे हालचाल, बोलणे, समजणे आणि खेळणे वयाप्रमाणे आहे का हे पाहणे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्यांची वाट न पाहता अंगणवाडी सेविकेकडून त्यांना निरोप द्या आणि जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. तिथे तपासणी आणि पुढील थेरपी यांना पैसे लागत नाहीत. जाताना जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड न्या. सर्वांत आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या, कारण पेटीत राहिलेल्या मुलांत ऐकण्याचा दोष अधिक आढळतो आणि टाळी वाजवल्यावर मूल वळते म्हणजे त्याला बोलणे नीट ऐकू येते, असे होत नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर झाली होती का, हे कार्डावर पाहा. नसेल तर तीही याच फेरीत करून घ्या. दोन-तीन शब्दांवर आणखी वर्षभर वाट पाहू नये. घरात कोणी उशिरा बोलले असेल, म्हणून हीही बोलेल, असे कितीही जणांनी सांगितले तरी या महिन्यातच जिल्हा रुग्णालयात जाऊन या.